वेधशाळेच्या दारावरचा कॅमेरा संकेतस्थळावर आणताना

आमच्या हौशी आकाशनिरीक्षक गटाची वेधशाळा एका टेकडीवर आहे. सरकत्या छताची एक खोली, आत दुर्बीण, बाहेर कुंपण आणि फाटक, एवढाच तिचा पसारा. चोरीच्या भीतीने दारावर एक आयपी कॅमेरा, म्हणजे संगणकाच्या जाळ्याला जोडून चित्र देणारा कॅमेरा, बसवलेला होता आणि त्याचे चित्रण कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डावर साठत असे. त्याच्या रुंद भिंगात खाली फाटक, मध्ये छताची कड आणि वर बरेचसे आकाश येते. त्यामुळे निरीक्षणाला निघण्यापूर्वी आकाश मोकळे आहे की ढगाळ, छत नीट बंद झाले आहे की नाही, हे गटाच्या संकेतस्थळावरच पाहता यावे, अशी सभासदांची मागणी पुढे आली. गट वर्गणीवर चालतो, टेकडीवर तारेचे इंटरनेट पोहोचलेले नाही, आणि तिथल्या मोबाइल सिमच्या राउटरला महिन्याला ठरावीक डेटा मिळतो. या तीन अटींत बसणारी व्यवस्था उभी करण्याचे काम मी अंगावर घेतले.

कॅमेऱ्यासोबत त्याच्या कंपनीचे मोबाइल अ‍ॅप मिळते आणि त्यातून चित्र दिसतेही. परंतु ते खातेदाराने स्वतःपुरते पाहण्यासाठी असते. तेच चित्र दुसऱ्याच्या संकेतस्थळावर दाखवण्याची सोय त्यात नव्हती, आणि एकच पासवर्ड सगळ्या सभासदांना वाटणे मला मान्य नव्हते. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करून ते पानात बसवण्याचा मार्गही विचारात घेतला. जिथे तारेचे, अमर्याद इंटरनेट आहे तिथे मी आजही तोच मार्ग सुचवेन, कारण प्रेक्षक कितीही वाढले तरी त्यांचा भार आपल्यावर येत नाही. आमची अडचण वेगळी होती. त्या पद्धतीत कोणी पाहत असो वा नसो, टेकडीवरून चित्र अखंड वर चढवत राहावे लागते, आणि आमच्याकडे नेमकी त्याच गोष्टीची टंचाई होती.

म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी वही घेऊन डेटाचा हिशेब मांडला. कॅमेऱ्याचा मुख्य प्रवाह, म्हणजे त्यातून सलग येणारे हलते चित्र, सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने येत होता. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणजे तासाला ९०० मेगाबाइट, दिवसाला २१.६ गिगाबाइट आणि तीस दिवसांत ६४८ गिगाबाइट. चित्राचा आकार आणि दर्जा कमी करून तो सेकंदाला ५०० किलोबिटवर आणला, तरी दिवसाला ५.४ आणि महिन्याला १६२ गिगाबाइट होतात. याउलट ६० किलोबाइटचे एक स्थिर छायाचित्र दर मिनिटाला पाठवले, तर दिवसाची १,४४० छायाचित्रे मिळून जेमतेम ८६ मेगाबाइट आणि महिन्याला सुमारे २.६ गिगाबाइट लागतात. या आकड्यांनी पुढची दिशा ठरवून टाकली. ढग मिनिटभरात फार सरकत नाहीत आणि बंद छत तर जागचे हलतच नाही. तेव्हा बहुतेक वेळा सभासदाला हलते चित्र नको असते, ताजे चित्र हवे असते. त्यामुळे पानावर कायम स्थिर छायाचित्र राहील, आणि खरोखर गरज पडेल तेव्हा बटण दाबून थेट चित्र सुरू करता येईल, असे ठरवले. पाचशे किलोबिटने एक तास थेट पाहिले तर २२५ मेगाबाइट खर्च होतात, आणि तेवढे आमच्या डेटात आरामात बसते. स्वस्ताईचा प्रश्न खरे तर इथेच सुटला होता. पुढचे सगळे काम हा निर्णय नीट अमलात आणण्याचे होते.

आता कॅमेऱ्याकडे वळतो. आजकालचे बहुतेक आयपी कॅमेरे आरटीएसपी या नियमावलीने चित्र देतात. ही नियमावली १९९८ सालची आहे आणि तिचे ठरलेले पोर्ट, म्हणजे जोडणीच्या दाराचा क्रमांक, ५५४. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांना एकाच भाषेत बोलता यावे यासाठी २००८ साली ऑनव्हिफ ही संघटना स्थापन झाली. कॅमेरा तिचे नियम पाळत असेल, तर त्याच्या प्रवाहाचा पत्ता शोधणे सोपे जाते. बहुतेक कॅमेरे एकाच वेळी दोन प्रवाह देतात, एक मोठा आणि एक दुय्यम. मोठ्याला मी हात लावला नाही. तो पूर्वीप्रमाणेच मेमरी कार्डावर साठत राहिला, कारण उद्या काही चोरीला गेले तर चेहरा ओळखू येईल असे चित्र तोच देणार. संकेतस्थळासाठी दुय्यम प्रवाह घेतला आणि त्याच्या सेटिंग्ज बारकाईने बदलल्या.

यातली सर्वांत महत्त्वाची सेटिंग म्हणजे चित्र दाबण्याची, म्हणजे त्याचा डेटा आटवून लहान करण्याची, पद्धत. कॅमेऱ्यात एच.२६५ आधीपासून निवडलेले होते. ते जागा कमी घेते हे खरे, पण ते चालणे न चालणे ब्राउझर आणि उपकरण यांवर अवलंबून असते. २००३ सालचे एच.२६४ मात्र जवळपास प्रत्येक ब्राउझरमध्ये आणि जुन्या मोबाइलवरही चालते. एच.२६५ घेतले असते तर वाटेत कुठेतरी प्रत्येक चौकट, म्हणजे हलत्या चित्रातले एकेक छायाचित्र, उलगडून पुन्हा दाबावी लागली असती, आणि त्या कामाला ताकदवान, म्हणजेच महागडा सर्व्हर लागला असता. कॅमेऱ्याने दाबलेले चित्र प्रेक्षकापर्यंत जसेच्या तसे पोहोचवायचे, मध्ये फक्त त्याचे वेष्टन बदलायचे, हा नियम मी पहिल्यापासून पाळला. त्यामुळेच सर्व्हर अगदी लहान घेऊन भागले.

दुसरी सेटिंग की-फ्रेममधल्या अंतराची. दाबलेल्या चित्रात मधूनमधून एक पूर्ण चौकट येते, तीच की-फ्रेम, आणि तिच्यानंतरच्या चौकटींत फक्त झालेला बदल नोंदवलेला असतो. पाहणाऱ्याला सुरुवात पूर्ण चौकटीपासूनच करता येते, आणि प्रवाहाचे तुकडे पाडायचे तर तेही तिथेच पाडावे लागतात. सेकंदाला १५ चौकटी आणि दर ३० चौकटींनंतर एक की-फ्रेम, असे ठेवल्यावर दर दोन सेकंदांनी तुकडा पाडता येऊ लागला. कॅमेऱ्याच्या कंपन्या जागा वाचवण्यासाठी जी ‘स्मार्ट’ दाबपद्धत देतात, ती हे अंतर मनाप्रमाणे लांबवते. म्हणून दुय्यम प्रवाहासाठी ती बंद केली. एफएफप्रोब या मोफत साधनाने प्रवाह तपासून की-फ्रेम खरोखर दोन-दोन सेकंदांनी येत आहेत याची खात्री करून घेतली. कॅमेऱ्याच्या पानावर लिहिलेले आणि प्रत्यक्ष प्रवाहात आलेले नेहमी जुळतेच असे नाही, त्यामुळे ही तपासणी प्रत्येकाने करावी असे मला वाटते. आवाज मुळातच बंद केला. फाटकाशी उभे राहून बोलणाऱ्या माणसाचे बोलणे इंटरनेटवर जाण्याचे काहीच कारण नाही.

यानंतर ब्राउझरचा प्रश्न येतो. आरटीएसपीचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर चित्र दिसत नाही, कारण ब्राउझरला ती नियमावली समजतच नाही. पूर्वी हे काम फ्लॅश प्लेयर करत असे. त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, तरी त्यावर बेतलेले जुने मार्गदर्शक लेख अजून शोधात वर येतात आणि नवख्या माणसाचा वेळ खातात. आज मुख्यतः दोन पर्याय उरतात. वेबआरटीसीमध्ये चित्र सेकंदाच्या आत पोहोचते, पण प्रत्येक प्रेक्षकाशी सर्व्हरला स्वतंत्र जोडणी सांभाळावी लागते. ॲपलने २००९ साली आणलेल्या एचएलएसमध्ये प्रवाहाचे लहान-लहान तुकडे साध्या फायलींसारखे दिले जातात आणि त्यांची यादी सतत अद्ययावत होत राहते. चित्र सात-आठ ते दहा-बारा सेकंद मागे राहते, पण कोणताही साधा वेब सर्व्हर ते देऊ शकतो. फाटकावर आलेल्या माणसाशी बोलायचे असते, तर मी वेबआरटीसी निवडले असते. आकाश पाहायला दहा सेकंदांचा उशीर चालतो, म्हणून एचएलएस घेतले. आयफोनवरच्या सफारीत ते थेट चालते आणि ज्या ब्राउझरमध्ये ते थेट चालत नाही त्यांच्यासाठी एचएलएस डॉट जेएस ही मोफत लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्राम, पानात जोडावी लागते.

सर्वांत जास्त विचार करायला लावला तो टेकडीवरच्या जोडणीने. राउटरच्या पानावर त्याला मिळालेला बाहेरचा आयपी पत्ता (ठिपक्यांनी जोडलेले चार आकडे) पाहिला, तर तो १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान होता. हा पट्टा २०१२ साली मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवले जाते आणि बाहेरून आत येण्याची वाट ग्राहकाच्या हातात राहत नाही. राउटरमध्ये पोर्ट उघडण्याचा नेहमीचा उपाय त्यामुळे लागूच पडत नव्हता. पण तो लागू पडला असता, तरी मी केला नसता. २०१६ साली मिराई या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कित्येक मोठ्या संकेतस्थळांचे दरवाजे काही तास बंद पाडले. कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे अद्ययावत होत नाही. त्याला उघड्या इंटरनेटवर कधीच बसवू नये.

उपाय उलट दिशेने सापडला. बाहेरून आत जाता येत नसेल, तर आतून बाहेर जोडणी करायची आणि तीच उघडी ठेवायची. खोलीत एक छोटा, एकाच पाटीवरचा लिनक्स संगणक ठेवला आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत लहान आकाराचा एक सर्व्हर भाड्याने घेतला. या दोघांत वायरगार्ड या मोफत सॉफ्टवेअरचा कूटबद्ध बोगदा, म्हणजे बाहेरच्या कोणाला वाचता न येणारी खाजगी जोडणी, टाकला. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. दर २५ सेकंदांनी एक लहानसा संदेश पाठवत राहण्याची सेटिंग केली की मोबाइल कंपनीच्या बाजूची वाट बंद होत नाही आणि सर्व्हरला हवे तेव्हा बोगद्यातून कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येते. बोगद्यातून जाणाऱ्या पाकिटांचा (डेटाच्या लहान तुकड्यांचा) कमाल आकार १२८० बाइटपर्यंत उतरवला, कारण मोबाइल जाळ्यावर मोठी पाकिटे अडकून चित्र मध्येच थबकत होते. आणि आरटीएसपी हे यूडीपी या पाठवण्याच्या पद्धतीऐवजी टीसीपी या पद्धतीवर चालवले, म्हणजे हरवलेले पाकीट पुन्हा मागवले जाते आणि चित्रावर राखाडी ओघळ उमटत नाहीत.

भाड्याच्या सर्व्हरवर मीडियाएमटीएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर बसवले. ते एका बाजूने आरटीएसपी घेते आणि दुसऱ्या बाजूने एचएलएस देते, मधे चित्र पुन्हा न दाबता. आमच्या दृष्टीने त्याचा खरा गुण म्हणजे मागणी असेल तेव्हाच स्रोताला जोडून घेण्याची सोय. पहिल्या सभासदाने बटण दाबले की सर्व्हर टेकडीवरून प्रवाह ओढू लागतो, आणि शेवटचा सभासद गेला की थोड्याच वेळात तो ओढणे थांबवतो. एकाने पाहिले काय आणि चाळीस जणांनी पाहिले काय, टेकडीवरून चित्र एकदाच निघते. चाळीस प्रती काढण्याचे काम सर्व्हरचे, आणि चाळीस प्रेक्षकांना मिळून लागणारा सेकंदाला २० मेगाबिटचा वेग लहान सर्व्हरलाही सहज झेपतो. गटाचे संकेतस्थळ एचटीटीपीएसवर असल्याने चित्राचा पत्ताही एचटीटीपीएसवरच असावा लागतो, नाहीतर ब्राउझर ते अडवतो. त्यासाठी पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत सुरक्षा प्रमाणपत्र घेतले.

मागणीनुसार प्रवाह सुरू होतो म्हटले तरी एक गळती उरतेच. माणूस चित्र पाहतो, दुसऱ्या टॅबवर जातो आणि पहिला टॅब रात्रभर उघडा राहतो. ही गळती पानातच बुजवावी लागते. टॅब नजरेआड गेला की ब्राउझर तसे पानाला कळवतो. त्या क्षणी प्लेयर थांबवून त्याचा स्रोत काढून टाकला जातो. टॅब समोर असला, तरी पाच मिनिटांनी चित्र थांबते आणि पुढे पाहायचे असल्यास पुन्हा बटण दाबावे लागते. चित्र आपोआप सुरू होण्याची सोय मुद्दाम ठेवलेली नाही, कारण शोधयंत्रांचे स्वयंचलित वाचकही पाने उघडत असतात. महिन्याच्या डेटात सर्वांत मोठी बचत या काही ओळींनी केली, हे राउटरच्या नोंदी पाहून मी खात्रीने सांगू शकतो.

स्थिर छायाचित्राचे काम खोलीतला छोटा संगणक करतो. तो दर मिनिटाला कॅमेऱ्याकडून एक छायाचित्र मागतो, त्याचा आकार कमी करतो आणि बोगद्यातून सर्व्हरवर पाठवतो. ते आधी तात्पुरत्या नावाने चढते आणि पूर्ण पोहोचल्यावरच त्याला खरे नाव दिले जाते, त्यामुळे अर्धवट छायाचित्र कोणाच्याही पुढे येत नाही. या फायली मेमरी कार्डावर न लिहिता संगणकाच्या रॅममध्येच ठेवल्या आहेत, कारण सतत लिहून-पुसून कार्ड लवकर झिजते. छायाचित्राखाली ते किती वेळापूर्वीचे आहे हे ठळक दिसते, आणि पाच मिनिटे नवे छायाचित्र आले नाही तर जुने झाकून त्या जागी ‘संपर्क नाही’ असे लिहून येते. हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कालचे निरभ्र आकाश आजचे म्हणून दाखवणारे पान हे पान नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून माणसे रात्री प्रवासाला निघतात.

दिवसा सगळे सुरळीत चालले, तरी रात्रीचे चित्र हा स्वतंत्र विषय निघाला. अंधार पडल्यावर कॅमेरा काळ्या-पांढऱ्या चित्रावर जातो आणि भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे लागतात. नोंदी पाहताना लक्षात आले की सूर्यास्तानंतर प्रवाहाचा वेग दिवसापेक्षा पुष्कळ वाढतो, जरी समोर काहीच हलत नसले तरी. कमी उजेडात चित्रात बारीक दाणे उसळतात, प्रत्येक चौकटीत ते वेगळ्या जागी असतात, आणि दाबणाऱ्या यंत्रणेला तो बदलच वाटतो. त्यात अवरक्त दिव्यांकडे कीटक येतात आणि कीटकांमागे कोळी येतात. एका रात्री छायाचित्रात उजव्या कोपऱ्यातून पांढरेशुभ्र, जाड दोर ताणल्यासारखे दिसू लागले; ते होते भिंगासमोर विणलेले कोळ्याचे जाळे, दिव्यांच्या अगदी जवळ असल्याने उजळलेले, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीसरशी अर्धे चित्र हलवणारे. आमच्या निरीक्षणालाही हे दिवे त्रासदायकच होते, कारण ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांची पुसट लाल चमक अंधाराला सरावलेल्या डोळ्याला जाणवते आणि छायाचित्रणाच्या संवेदकावर तर ती नक्कीच उतरते. म्हणून कॅमेऱ्यातले दिवे बंद करून फाटकाशी, भिंगापासून दूर, ९४० नॅनोमीटरचा वेगळा दिवा लावला. तो निरीक्षणाच्या वेळी विझवता येतो. त्यानंतर जाळी भिंगासमोरून हटली. प्रवाहाच्या वेगाला कमाल मर्यादा घातली, दाणे कमी करण्याची सोय वाढवली आणि रात्री चौकटी सेकंदाला १० वर आणल्या.

एक गोष्ट मात्र पान खुले करण्याआधीच गटात चर्चा करून ठरवली होती. सुरक्षेसाठी लावलेला कॅमेरा सर्वांना दाखवला, तर वेधशाळेत कोणी नाही हे आपणच जगाला सांगत असतो. म्हणून सार्वजनिक पानावरचे छायाचित्र छोटा संगणक आधीच कापतो आणि फक्त छताच्या कडेवरचे आकाश पाठवतो. फाटकासह पूर्ण छायाचित्र आणि थेट चित्र केवळ सभासदांना, त्यांच्या खात्यातून प्रवेश केल्यावरच मिळते, आणि थेट चित्राचा दुवा काही मिनिटांत निकामी होईल अशी व्यवस्था एनजिनएक्समध्ये केली आहे. फाटकापलीकडून एक पायवाट जाते. तिच्यावरून येणारी-जाणारी माणसे कोणाच्याच पडद्यावर येऊ नयेत म्हणून चित्राचा तो भाग कॅमेऱ्यातच कायमचा काळा केला आहे.

दूरच्या जागेवर यंत्र अडकले की माणसाला चढून जावे लागते, म्हणून शेवटी देखरेखीवर भर दिला. बोगद्यातून सर्व्हर पोहोचतो की नाही हे छोटा संगणक दर काही मिनिटांनी तपासतो. सलग अपयश आले, तर रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या बटणाच्या, साहाय्याने राउटरचा वीजपुरवठा तोडून पुन्हा जोडतो, आणि लागोपाठ राउटर बंद-चालू होत बसू नये म्हणून दोन प्रयत्नांमध्ये किमान एक तासाचे अंतर ठेवतो. कॅमेरा बाहेरच्या इंटरनेटपासून पूर्ण तोडलेला असल्याने त्याचे घड्याळ मागे-पुढे होते; त्याला वेळ पुरवण्याचे कामही याच संगणकाकडे आहे. कॅमेरा, राउटर आणि संगणक एका १२ व्होल्टच्या बॅटरीवर आहेत, त्यामुळे वीज गेली तरी काही तास छायाचित्रे येत राहतात.

आता दरमहा दोनच खर्च राहतात, सिमच्या डेटाचा आणि भाड्याच्या सर्व्हरचा. सर्व्हर संकेतस्थळासाठीही वापरता येत असल्याने पूर्वीचे वेगळे होस्टिंग आम्ही बंद केले. सरकत्या छताच्या मोटरीजवळ दुसरा कॅमेरा लावण्याचा प्रस्ताव गटासमोर आहे. त्याला थेट प्रवाह द्यायचा नाही, असे मी सुचवले आहे. छत हलत असताना दर पाच सेकंदांनी एक आणि एरवी तासाला एक छायाचित्र पुरेल.